खजुराची चॉकलेटं आणि आपली दमट हवा

ताई, तुम्ही जे विचारलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. नेटवर पाहून तुम्ही खजूर, कोको पावडर, काजू आणि खोबरेल तेलाचे लाडू केलेत. खजूर गरम पाण्यात भिजवून मिक्सरला वाटलात. अर्ध्या लाडवांवर खोबरेल आणि कोकोचा थर दिलात. फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटांत थर ओघळला, लाडवांना घाम फुटला, आणि बाहेर ठेवलेल्या डब्यात चौथ्या दिवशी पांढरं काहीतरी दिसलं. मिक्सरला जळका वास येऊ लागला तो वेगळाच. जुलैत मुलीचा वाढदिवस आहे, वर्गात हेच वाटायचं मनात आहे. घरी सासऱ्यांना मधुमेह आहे, साखर घातली नाही म्हणून त्यांना देता येतील का, असंही विचारलंत.

मी गोव्यात, फोंड्याला राहते. गेली बारा-तेरा वर्षं चवथीला (गणेशचतुर्थीला), नाताळाला आणि अधेमधे वाढदिवसांना खजुराची चॉकलेटं करून देते. तुमच्याकडे जे झालं ते सगळं माझ्याकडे पहिल्या दोन पावसाळ्यांत होऊन गेलं आहे. पहिल्या चवथीला दीडशे लाडू करून ठेवले होते, त्यातले साठ-सत्तर टाकावे लागले. काजू, खजूर, कष्ट, सगळं गेलं. तेव्हापासून मी कृती वाचताना सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहते: ही कुठल्या हवेतल्या माणसाने लिहिली आहे?

खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. ज्या घरात वीस अंश असतात तिथे ते बरणीत तुपासारखं थिजलेलं असतं. त्यात कोको घालून गार केलं की कडक पापुद्रा येतो आणि टेबलावर ठेवला तरी टिकतो. आपल्याकडे बाटलीतलं खोबरेल कधी थिजतं? डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे, बाकी वर्षभर पातळच. म्हणजे तुमचा थर फ्रिजमध्ये घट्ट झाला आणि बाहेर येताच पुन्हा तेल झाला. तुमच्या हाताची त्यात काहीच चूक नाही. खऱ्या चॉकलेटमध्ये जे कोको बटर असतं ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून चॉकलेट हातात धरता येतं आणि तोंडात मात्र विरघळतं. हा दहा अंशांचा फरक गोव्यात फार मोठा आहे. लाडवाच्या आत चमचाभर खोबरेल घालायला हरकत नाही. बाहेरच्या थराला मात्र ते घेऊ नका.

आता बुरशी. आधी ती बुरशीच होती ना, ते पाहायला हवं. चॉकलेटवर कधी कधी पांढुरका थर येतो तो चरबीचा किंवा साखरेचा असतो. तो सपाट, धुरकट दिसतो. चरबीचा असेल तर बोट फिरवलं की विरघळतो, साखरेचा असेल तर खरखरीत लागतो. दिसायला वाईट, पण त्याने अपाय नाही. लोकरीसारखं, उभं, हिरवट-पांढरं असेल तर ती बुरशी, आणि मग तेवढाच तुकडा काढून बाकीचे खाऊ नयेत, सगळा डबा टाकावा. चौथा दिवस आणि भिजवलेला खजूर म्हटल्यावर तुमची बुरशीच असणार असं मला वाटतं.

खजूर नुसता ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. त्यात साठ टक्क्यांहून अधिक साखर असते आणि त्यातलं पाणी त्या साखरेने धरून ठेवलेलं असतं, बुरशीच्या हाती ते लागत नाही. मुरंबा टिकतो तो याच कारणाने. आपण खजूर भिजवतो तेव्हा त्यात मोकळं पाणी घालतो. मग तो वाटून, हाताने वळून, दमट हवेत बंद डब्यात ठेवतो. बुरशीला याहून चांगलं घर कुठलं? ओलं खोबरं घातलं असेल तर आणखीच. आपल्याला प्रत्येक गोडात नारळ खवून घालायची सवय आहे, माझाही हात तिकडेच जायचा. ओल्या खोबऱ्याचे लाडू त्याच दिवशी संपवायचे असतील तरच करा. एरवी सुकं खोबरं घ्या, तेही भाजून.

तर नो-बेक या शब्दाने फसू नका. ओव्हन नको, एवढाच त्याचा अर्थ. कढई हवीच. आपल्या आयांनी तिळाचे, शेंगदाण्याचे लाडू ओव्हनशिवायच केले, पण कोरडं सगळं मंद आगीवर भाजून घेतल्याशिवाय त्या वळायला बसल्या नाहीत. भाजण्याने चव येते हे खरं, त्याहून मोठं काम म्हणजे ओल जाते. खजुराच्या चॉकलेटचंही तेच आहे.

खजूर कुठला घ्यावा? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या बाजारात चार प्रकार दिसतील. डब्यातला काळा, मऊ, चकचकीत खजूर, जो किमिया नावाने मिळतो. विटेसारखा दाबून बांधलेला तपकिरी खजूर, स्वस्त. मोठाले मेडजूल, महाग. आणि खारीक. काळा मऊ खजूर खायला उत्तम, पण त्यात ओल जास्त असते, म्हणूनच दुकानदार तो फ्रिजमध्ये ठेवतो. मेडजूल लाडवात घालणं मला पटत नाही. त्याची मजा अख्खा खाण्यात, मध्ये भाजलेला काजू भरून. मी अर्धा काळा आणि अर्धा दाबलेला घेते: काळ्याचा मऊपणा मिळतो, दाबलेल्याचा कोरडेपणा. दाबलेल्यात बिया आणि क्वचित खडा असतो, तेव्हा हाताने नीट पाहा. खजूर कुठलाही असो, प्रत्येक फोडून आत बघायचं. आत काळी भुकटी दिसली तर ती बुरशी, आणि कधी कधी अळीही असते. बी काढलेला खजूर आणला तरी हे चुकवू नका. मी एकदा चुकवलं आणि अख्खी परात ओतून द्यावी लागली.

खजूर फार कडक असेल तर भिजवू नका, वाफवा. पातोळ्या उकडता त्याच भांड्यात, चाळणीवर कापड घालून, पाच-सहा मिनिटं. वाफेने तो मऊ होतो आणि पाण्यात बुडवल्याइतकं पाणी पीत नाही. जे थोडं पितो ते पुढे कढईत उडून जातं.

आणि मिक्सरमध्ये खजूर घालूच नका. आपल्या मिक्सरचं पातं खजुरात रुतून बसतं, मोटर ओढत राहते आणि तापते. जळका वास त्याचाच. खजूर कढईत तुपावर परतला की लाकडी चमच्याने आपोआप चेचला जातो. अगदी गुळगुळीत हवा असेल तर वाफवलेला खजूर पुरणयंत्रातून काढा, सालंही वर राहतात. मडगावची माझी एक मैत्रीण नाताळात काजूचं मार्झिपान करते, तिच्याकडे हाताने फिरवायचं किसण्याचं यंत्र आहे. तिने त्यातून खजूर काढून दाखवला तेव्हा मी थक्क झाले, इतका एकसारखा लगदा! पण त्यासाठी यंत्र विकत घ्यायची गरज नाही.

आता कोको. डब्यावर घटक वाचा: फक्त कोको लिहिलेलं हवं. मी एकदा एका दुकानातून सुटी, बिनलेबलाची पावडर आणली. घरी चाखली तर गोड, म्हणजे त्यात साखर मिसळलेली होती. साखर टाळण्यासाठी एवढा खटाटोप करायचा आणि ती अशी मागच्या दाराने यायची, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून सुटी घेत नाही. कोको पावडर दोन तऱ्हेची असते. एक नैसर्गिक, फिकट तपकिरी, चवीला किंचित आंबट. दुसरी क्षार वापरून तयार केलेली, गडद, सौम्य. तिला डच म्हणतात. गडद रंगाला भुलून डच घ्यावीशी वाटते, आणि ती दिसते सुंदर. पण कोकोतले जे फ्लॅव्हनॉल (उपयुक्त वनस्पतिद्रव्यं) आपल्याला हवे असतात ते या प्रक्रियेत बरेच कमी होतात. शिवाय खजुराची गोडी सपाट असते, तिला नैसर्गिक कोकोचा आंबूसपणा छान उठाव देतो. या लाडवांना मी नैसर्गिकच वापरते. कोको काही फार लांबचा नाही. केरळ-कर्नाटकात नारळ-सुपारीच्या बागांतून कोकोची झाडं आहेत, आणि दक्षिण कन्नडमध्ये पुत्तूरला कॅम्पको या सुपारी-कोको बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे. आपल्या कुळागरांसारख्याच, म्हणजे गोव्यातल्या नारळ-सुपारीच्या बागांसारख्याच, सावलीतलं हे पीक.

केकमध्ये कोको ओव्हनच्या उष्णतेत शिजतो. इथे तसं होत नाही, आणि कच्चा, पिठूळ वास राहतो अशी बऱ्याच जणींची तक्रार असते. त्याला उपाय सोपा आहे: कोको कोमट तुपात आणि गरम खजुरात मिनिटभर परता. कोकोचा वास चरबीत उतरतो आणि लगेच सगळ्या स्वयंपाकघरात चॉकलेट दरवळतं. मिनिटभरच, जास्त नको. कोको फार पटकन करपतो आणि मग कडवट लागतो.

माझं प्रमाण सांगते. यात २० ग्रॅमचे साधारण बावीस लाडू होतात. बी काढलेला खजूर २०० ग्रॅम, काजू तुकडा १०० ग्रॅम, बदाम ५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ३० ग्रॅम, तीळ २० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, साजूक तूप दोन चहाचे चमचे, जायफळ, आणि मीठ. मीठ विसरू नका, दोन चिमटी तरी हवंच. त्याने कोकोचा कडूपणा बोचत नाही. काजू तुकडाच घ्या, अख्ख्याचे पैसे फुकट घालवू नका, आपण तो कुटणारच आहोत. जायफळ कुळागरातलं असेल तर फारच छान, किसून घ्या.

काजू आणि बदाम मंद आगीवर भाजा. घाई केलीत तर बाहेरून लाल आणि आत ओले राहतील. हाताला चटका बसेल इतके गरम झाले आणि वास सुटला की काढा. खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजा, खोबरं जळायला क्षण पुरतो. सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम काजू मिक्सरला लावले की तेल सुटून लगदा होतो. गार झाल्यावर थांबत थांबत, झटके देत फिरवा, रव्याहून जाड राहू दे.

मग जाड बुडाच्या कढईत तूप, त्यात खजूर, आग अगदी मंद. चार-पाच मिनिटं चेचत परता. सुरुवातीला चिकटेल, मग गोळा कढईच्या कडेने सुटायला लागेल. हे कडेने सुटणं महत्त्वाचं: जादा पाणी गेल्याची ती खूण. वाफवलेला खजूर असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. आता कोको आणि मीठ घालून मिनिटभर परता, आग बंद करा, मग कुटलेलं सगळं आणि जायफळ घालून मळा. हाताला सोसेल इतकं कोमट असतानाच लाडू वळा. हात कोरडे हवेत. तूप लावा, पाणी लावू नका. वळलेले लाडू पंख्याखाली ताटात पसरून तासभर गार करा, तोवर डब्यात भरायचे नाहीत. कोमट लाडू डब्यात घातला की झाकणाला आतून पाणी धरतं आणि सगळी मेहनत तिथेच संपते.

वळायचा कंटाळा असेल तर नाताळच्या कुस्वारासाठी (फराळासाठी) वापरतात ते रबरी साचे आणा. आतून कोकोची भुकटी लावायची, मिश्रण दाबायचं, उलटं करून पाडायचं. पानाफुलांच्या नक्षीची चॉकलेटं तयार, मुलांना फार आवडतात.

असे लाडू कोरड्या दिवसांत बाहेर पाच दिवस, पावसात दोनच दिवस, फ्रिजमध्ये तीन आठवडे आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहतात. फ्रिजमधून काढताना मात्र एक पथ्य पाळा, कारण तुमच्या लाडवांना घाम फुटला तो याच चुकीने. गार डबा बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही. आपल्या हवेतलं बाष्प गार लाडवावर दंवासारखं जमतं. डबा बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या. दंव डब्याच्या बाहेर धरेल, ते पुसून मग झाकण काढा. आणि लागतील तेवढेच काढा. रोज तोच डबा आत-बाहेर केला तर लाडू रोज थोडे थोडे ओले होतात. छोट्या डब्यांत वाटून ठेवणं उत्तम.

चॉकलेटचा थर हवाच असेल तर इथे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण सगळ्या जणी इथेच अडतात. थराला गोडी कशाने आणायची? खजुराचा लगदा वितळलेल्या चॉकलेटमध्ये घातला की ते क्षणात आटून खरखरीत गोळा होतं. लगद्यातलं पाणी हे त्याचं कारण. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचे चार थेंबही चालत नाहीत. कोरडे कण आणि चरबी असा तो संसार असतो, थोडंसं पाणी आलं की कण एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून गोडीसुद्धा कोरडीच हवी, आणि ती आपल्या घरात बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांच्या निमित्ताने कायम असते: खारीक!

खारकेच्या बिया काढा, तुकडे करा, कढईत मंद आगीवर कोरडे होईपर्यंत परता, गार करा आणि दळा. मग बारीक चाळणीने किंवा कापडातून चाळा. जे वर उरतं ते नाचणीच्या पेजेत घाला, वाया जात नाही. ही पूड हवेतली ओल झपाट्याने ओढते, पावसात तर तासाभरात खडा होतो. म्हणून दळल्या दळल्या कोकोत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत घाला.

थरासाठी कोको बटर ८० ग्रॅम, कोको ५० ग्रॅम, खारीक पूड ६० ग्रॅम आणि किंचित मीठ. बावीस लाडू बुडवून थोडं उरतं. कोको बटर बारीक चिरून त्याचे तीन भाग करायचे, दोन वितळवायचे, एक तसाच राखून ठेवायचा. पातेल्यात दोन बोटं पाणी तापवून आग बंद करा आणि त्यावर पातेल्याहून रुंद वाडगं ठेवा. अरुंद ठेवलं तर कडेने वाफ वर येऊन चॉकलेटमध्ये शिरते. चमचा, वाडगं, हात, सगळं ठणठणीत कोरडं. वितळलं की कोको आणि खारीक मिसळा, वाडगं खाली घ्या, ढवळत राहा. ३४ अंशांच्या आसपास आलं की राखलेलं कोको बटर घाला आणि ते विरेपर्यंत ढवळा. न वितळलेल्या कोको बटरमधले नीट बसलेले स्फटिक बाकीच्यांना तसंच बसायला लावतात आणि थर चकचकीत, कुरकुरीत होतो. ३१-३२ अंशांवर लाडू बुडवायचे. स्वयंपाकघरातला थर्मामीटर नसेल तर थेंबभर खालच्या ओठाला लावून पाहा: फार गार नाही, गरम नाही, किंचित थंड वाटलं की झालं. खरं सांगायचं तर दुकानातल्या चॉकलेटइतका रेशमी पोत खारकेने येत नाही, किंचित रवाळ राहतो. मला तो आवडतो. नसेल आवडत तर सत्तर टक्क्यांहून जास्त कोकोचं चॉकलेट आणून त्याचा पातळ थर द्या, पण मग त्यात साखर आहे हे लक्षात ठेवा. सत्तर टक्के कोको म्हणजे उरलेल्या तीस टक्क्यांत बहुतेक साखरच. आणि कंपाउंडच्या स्वस्त लाद्या मात्र आणू नका. त्या वितळवायला सोप्या आणि बाहेर टिकतात, कारण त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी आणि भरपूर साखर असते. खजुराचे लाडू करून वर तो थर देणं म्हणजे सगळ्या धडपडीवर पाणी सोडणं.

ऋतूचंही एक ध्यानात घ्या. मे महिन्यात हवा चॉकलेटच्या वितळण्यापर्यंत पोचलेली असते, स्वयंपाकघर ३२-३३ अंशांवर असतं, तेव्हा थराचं काम रात्री उशिरा किंवा एसी असलेल्या खोलीतच करावं. जुलैत उलट असतं. हवा २७-२८ अंशांवर येते, चॉकलेटला अगदी मानवते, पण ओल भयंकर. म्हणजे उन्हाळ्यात गरमी सांभाळायची आणि पावसात पाणी. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, शिस्त आपल्याकडे आहेच: सोलां (कोकमाची सुकी सालं), मिरच्या, सुकी मासळी आपण पावसाआधी खडखडीत करून भरतो. खारीक, काजू, तीळही मे महिन्यातच उन्हात तापवून बरण्यांत भरून ठेवा, जुलैत निम्मं काम झालेलं असेल.

सोलां म्हटल्यावर आठवलं. बिनमिठाचं एखादं सोल कढईत कोरडं करून कुटा आणि अर्धा चमचा या मिश्रणात घाला. कोको, खजूर आणि भिरंडाचा (कोकमाचा) आंबटपणा ही माझी सगळ्यात लाडकी जोडी आहे. सुके अंजीर वापरलेत तर खजूर तेवढा कमी करा. त्याच्या बिया दाताखाली छान कुरकुरतात. भगवे जर्दाळू तसा रंग राहावा म्हणून गंधकाच्या धुरीत तयार केलेले असतात, कोणाला दमा असेल तर तपकिरी जर्दाळूच घ्या. आंब्याची, फणसाची साठां (वाळवलेल्या रसाच्या पोळ्या) घालायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण त्यांत बहुधा साखर असते, विचारून घ्या. नाचणीचं पीठ घालायचं असेल तर खमंग भाजल्याशिवाय नको, कच्चं पीठ पोटाला चांगलं नाही.

आता सासऱ्यांचं. इथे मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. या लाडवांत साखर घातलेली नाही, पण साखर आहे. दोनशे ग्रॅम खजुरात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर येते, म्हणजे एका लाडवात सुमारे सहा ग्रॅम, दीड चहाचा चमचा. सोबत दीड-दोन ग्रॅम तंतू, काजू-बदामाची चरबी आणि प्रथिनं असतात, त्यामुळे ती साखर पेढ्यातल्या साखरेइतक्या झपाट्याने रक्तात जात नाही, हे खरं. पण जाते. एका लाडवाला ८५ कॅलरी पडतात त्या वेगळ्या. अन्नपदार्थांच्या लेबलांसाठी कोडेक्स या अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत सुक्या फळांचा लगदा हा साखरेच्या जागी वापरलेला घटक धरला आहे, म्हणजे तो घालून "साखर घातलेली नाही" असं म्हणू नये. आपल्याकडच्या नियमात "शुगर फ्री" म्हणायला शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते. कोणी "डायबेटिसवाल्यांसाठी द्या" म्हणालं की सरळ नाही म्हणते. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटात खोटं वाढायला माझा हात धजत नाही.

तरी घरात सगळे खात असताना त्यांनी नुसतं पाहत बसावं असंही नाही. त्यांच्यासाठी वेगळं प्रमाण करा: खजूर १२०, काजू १००, बदाम ८०, तीळ ४०, खोबरं ३०, कोको ३५ ग्रॅम, तूप दोन चमचे. काजू-बदाम जरा बारीक कुटा, म्हणजे थोडं तेल सुटून मिश्रण वळेल, मूठ घट्ट दाबावी लागते. याचे तीस लहान लाडू करा. एकात साखर तीन ग्रॅमच्या आत राहते. जेवणानंतर एक, रोज नव्हे, आणि त्या दिवशीच्या जेवणात भात तेवढा कमी. पण आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नक्कीच विचारा, कारण खजूर, कोको आणि बदाम, तिन्हींत पोटॅशियम भरपूर असतं.

शाळेसाठी माझा सल्ला थर न देण्याचा आहे. नुसते लाडू कोकोच्या भुकटीत घोळवा. ते वितळत नाहीत, गणवेशाला लागत नाहीत, आणि आतलं चॉकलेट तेवढंच लागतं. त्याआधी बाईंना विचारा, वर्गात कोणाला काजू-बदाम, शेंगदाणे किंवा तीळ सोसत नाहीत असं आहे का. असेल तर सगळ्यांसाठीच काजू-बदामाच्या जागी डाळं आणि कलिंगडाच्या बियांचा मगज भाजून घ्या, तीळही गाळा. एका मुलाला वेगळं देऊन त्याला बाजूला काढू नका. लाडू १२ ग्रॅमचे करा, लहान मुलांना तेवढे पुरतात. घरातल्या लहान बाळांना काजूचा तुकडा घशात अडकू शकतो, त्यांच्यासाठी पीठच करा. आणि कुत्र्याला यातलं काही देऊ नका, कोको त्याला विषारी आहे.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी काजू-बदाम भाजून बरणीत भरा. आदल्या दिवशी दुपारी, पाऊस थांबून जरा उघडीप असेल तेव्हा, लाडू वळा. रात्री ते फ्रिजमध्ये नको, स्टीलच्या कोरड्या डब्यात बटर पेपर घालून बाहेरच ठेवा. घोळवायची कोको भुकटी मात्र सकाळीच लावा. रात्री लावलीत तर ती ओल पिऊन काळी पडते आणि सकाळी लाडू ओले दिसतात.